परोपकारी माणसाचे सणवार

परोपकाराची हौस आणि सणासुदीची हौस या दोन्ही एकाच मनुष्याच्या ठिकाणी एकवटू नयेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ज्याला सणाची हौस आहे त्याने आपल्या गावी राहावे, चार दिवसांची रजा टाकावी, पहाटे उठवल्याबद्दल कुरकुर करावी आणि फराळाला नावे ठेवीत ठेवीत त्याचा फडशा पाडावा. ज्याला परोपकाराची हौस आहे त्याने पंचांगाकडे पाठ फिरवून खुशाल देशांतराला जावे. परंतु ज्यांच्या देव्हाऱ्यात ही दोन्ही दैवते शेजारी शेजारी बसलेली असतात, असे लोक चैत्रात मोठ्या उत्साहाने अर्ज भरतात, ज्येष्ठात मुलाखत देतात, आषाढात लसी टोचून घेतात, श्रावणात विमानात बसतात आणि वसुबारसेच्या सायंकाळी, घरापासून सुमारे चार हजार किलोमीटरांवर, एका लोखंडी खाटेच्या कडेवर बसून, अर्जाच्या कोणत्या रकान्यात आपण सही करावयास नको होती याचा शोध घेऊ लागतात.

संमेलनाच्या मांडवात छातीवर बिल्ला लावून पाहुण्यांना पहिल्या रांगेतून उठवणारा जो आपल्याकडचा स्वयंसेवक, त्याला निदान दुपारच्या जेवणास घरी जाता येते. सागर ओलांडून सेवा करणाऱ्याची ही सोय नाही, आणि त्याच्या या गैरसोयीवर विसाव्या शतकात मोठमोठ्या लोकांनी शिक्कामोर्तब केलेले आहे. इंग्लंडात १९५८ साली अशा सेवेची एक संस्था निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली आपले निराळे स्वयंसेवकदल काढले. आणि या दोहोंच्या मध्ये, १४ ऑक्टोबर १९६० रोजी, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी यांनी मिशिगन विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभे राहून विद्यार्थ्यांना, तुम्ही परदेशात जाऊन काम कराल काय, असा सवाल केला. तो सवाल त्यांनी रात्री दोनच्या सुमारास केला, ही गोष्ट इतिहासकार जाता जाता सांगतात; माझ्या मते सगळे रहस्य तिच्यातच आहे. रात्री दोन वाजता तरुण मनुष्य कोणत्याही उदात्त गोष्टीला होकार देतो. तोच प्रश्न सकाळी दहा वाजता, घरून आलेले पत्र खिशात असताना विचारला असता, तर पुढे १ मार्च १९६१ रोजी निघालेल्या हुकुमाने जे शांतिदल जन्मास आले, त्याची हजेरीपटावरील संख्या बरीच आटोपशीर राहिली असती.

माझी नेमणूक इथिओपियात, डेब्रे बिरहान या गावी, गणित शिकवणाऱ्यांना गणित कसे शिकवावे हे शिकवण्यासाठी झाली. अदिस अबाबाच्या ईशान्येस एकशे तीस किलोमीटरांच्या आसपास असलेले हे गाव महाबळेश्वराच्या दुप्पट उंचीवर आहे, आणि तेथील रात्री इतक्या थंड असतात की, "आफ्रिकेत फार उकडत असेल नाही रे?" असे प्रत्येक वेळी विचारणाऱ्या माझ्या मावशीला मी दोन कांबळ्यांच्या आतून उत्तर देत असे. हवामानाशी माझे लवकरच जमले. कालगणनेशी जमण्यास मात्र इतर परदेशीयांना जे कष्ट पडले, ते मला पडले नाहीत, याचे श्रेय मी आपल्या पंचांगकर्त्यांना देतो. इथिओपियाचे वर्ष तेरा महिन्यांचे असते: तीस-तीस दिवसांचे बारा महिने, आणि उरलेले पाच, क्वचित सहा, दिवस गोळा करून केलेला पागुमे नावाचा तेरावा. वर्षारंभ ११ सप्टेंबरच्या सुमारास होतो, सनाचा आकडा आपल्यापेक्षा सात-आठांनी मागे चालतो, आणि दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजले जात असल्यामुळे आपल्या सकाळच्या सात वाजता तेथे एक वाजतो. ज्याचे पूर्वज सूर्योदयापासून घटिका मोजत आले आणि ज्याने अधिक मासात जावयाला अनारशांचे वाण दिलेले पाहिले आहे, त्याला यात चकित होण्यासारखे काय आहे? माझ्या शेजारच्या शाळेत ओहायोहून आलेली एक तरुणी इंग्रजी शिकवीत असे. ती बिचारी पहिल्या आठवड्यात दोनच्या तासाला दुपारी दोन वाजता गेली, तेव्हा वर्ग भरून सहा तास झाले होते.

दिवाळी जवळ आली तेव्हा मी रिवाजाप्रमाणे मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज घेऊन गेलो. स्वयंसेवकाला सुट्या मिळतात त्या यजमान देशाच्या. स्वतःच्या देशाचे सण त्याने मनातल्या मनात साजरे करावेत, असा शिरस्ता आहे. (५ डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली नेमून दिलेला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे, त्याही दिवशी सुटी नसते, हे ओघानेच आले.) मुख्याध्यापक हे उंच, कृश, अत्यंत न्यायनिष्ठुर गृहस्थ. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चौकशीस प्रारंभ केला.

"या सणाला आपण काय करता?"

"पहाटे उठून स्नान करतो."

"एरवी करीत नाही?"

"एरवीही करतो. परंतु इतक्या पहाटे नाही. आणि अंगाला तेल लावून."

"नंतर?"

"नंतर खातो."

"म्हणजे उपवास सोडता. किती दिवसांचा उपवास असतो?"

उपवास मुळीच नसतो, हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जी करुणा पसरली, ती मी परक्या धर्माच्या मनुष्याच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिली आहे. ज्या सणाआधी उपवास नाही तो सण कमावलेला नव्हे, तो केवळ भोजनाचा कार्यक्रम होय, असे त्यांनी सौम्य शब्दांत सांगितले; आणि तरीही, मनुष्य घरापासून दूर आहे एवढ्या एकाच सबबीवर, दोन तासांची रजा मंजूर केली.

या ठिकाणी तेथील उपवासाविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण माझ्या सगळ्या लौकिकाचा पाया त्यावर रचला गेला. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स पंथाचे लोक बुधवार आणि शुक्रवार पाळतात, शिवाय मोठ्या सणांपूर्वी लांबलचक उपवास करतात. श्रद्धाळू मंडळी अशा दिवशी दुपार टळेपर्यंत अन्नाला शिवत नाहीत, आणि त्यानंतरही मांस, अंडी, दूध, लोणी, तूप यांपैकी काहीही वर्ज्यच. आपल्या एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर दाण्याचे कूट पेरून, वर दही, शेजारी बटाट्याची भाजी आणि मागाहून रताळ्याचा कीस अशी जी देहदंडाची परंपरा आहे, तिच्यात वाढलेल्या मनुष्याने त्यांच्यापुढे उपवास हा शब्द जपूनच उच्चारावा. परंतु मी शाकाहारी. खानावळीत गेलो की उपवासाचे ताट मागे, आणि तेफच्या पिठाच्या आंबूस इंजेऱ्यावर वाढलेले शिरोचे पिठले, मसुरीची तिखट आमटी व कोबीची भाजी मिटक्या मारीत खाई. ते पिठले पाहून कोणाही मराठी मनुष्याचे डोळे भरून यावेत. बर्बरे मसाल्याने ते न आले तर. हे ताट मी सोमवारी मागितले, मंगळवारी मागितले, गुरुवारी मागितले, रविवारी देखील मागितले. आणि महिन्याभरात गावात वार्ता पसरली की, भारतातून जो गणिताचा मास्तर आला आहे, तो तेराही महिने उपवास करतो. वाटेत भेटणाऱ्या वृद्ध स्त्रिया मला वाकून अभिवादन करू लागल्या. माझ्या उभ्या आयुष्यात, स्वतःच्या गावी, इतके पुण्य माझ्या नावावर कधीच जमा झालेले नव्हते. आणि ते परत करण्याइतकी माझी अम्हारिक भाषा पक्व नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी खोलीत एकटा बसून मेणबत्ती लावण्याच्या बेतात असताना घरमालकीणबाईंनी मला आपल्या घरात बोलावले. मुख्याध्यापकांकडून त्यांच्यापर्यंत बातमी गेलेली दिसली: आज याचा सण आहे, आणि याची आई येथे नाही. या दोन विधानांवरून जो निष्कर्ष निघतो तो काढण्यास कोणत्याही देशातील गृहिणीला गणिताच्या मास्तराची गरज नसते. जमिनीवर ओले हिरवे गवत अंथरले होते, धूप जळत होता, आणि शेगडीजवळ बसून त्या हिरव्या कॉफीचे दाणे तव्यावर भाजीत होत्या. दाणे काळसर झाल्यावर तो धुराचा तवा त्यांनी प्रत्येकाच्या नाकाशी नेला, प्रत्येकाने हाताने धूर आपल्याकडे ओढून घेतला, जसे आपण आरती घेतो. मग दाणे उखळात कुटले, जबना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या भांड्यात उकळले, आणि बिनकानाच्या चिमुकल्या कपांतून पहिला फेरा आला. असे फेरे तीन: अबोल, तोना आणि बरका. तिसऱ्याआधी उठून जाणे म्हणजे आशीर्वाद नाकारणे. आणि या सगळ्याला तास-दीड तास लागत असल्याने, इथिओपियात कॉफी पिण्यासाठी थांबलेला मनुष्य कामाला केव्हा परतेल हे कोणी विचारीत नाही.

पण मी हे सांगतो आहे ते कॉफीसाठी नव्हे. कॉफीबरोबर त्या देशात जो खाऊ देतात त्याची परात जेव्हा बाईंनी माझ्यासमोर ठेवली, तेव्हा तीत शुभ्र, टपोऱ्या, नुकत्याच फुटलेल्या लाह्या होत्या. मक्याच्या होत्या, हे खरे, साळीच्या नव्हत्या. पण दिवा, धूप, दूर्वांचा आभास करणारे गवत आणि लाह्या एवढे साहित्य लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर, न सांगता, न मागता, परक्या घरात मांडलेले पाहून मी मनातल्या मनात शास्त्रोक्त संकल्प सोडला. बत्ताशांची उणीव कॉफीत घातलेल्या साखरेने भरून निघाली असे ठरवून टाकले. आणि झाडूची पूजा तेवढी राहिली ती दुसऱ्या दिवशी खोली झाडून पुरी केली.

त्यानंतर जेवण. जेवताना बाईंनी इंजेऱ्याचा एक भला मोठा तुकडा शिरोत बुडवून, गुंडाळून, सरळ माझ्या तोंडात कोंबला. याला गुर्शा म्हणतात. एकच घास भरवला तर भांडण होते अशी समजूत असल्यामुळे दुसरा येतो, आणि प्रेम पक्के व्हावे म्हणून तिसरा. मला शेवटचा घास भरवला गेला तो मुंजीत. तेव्हाही मी एवढे तोंड उघडले नव्हते. बाईंचे झाल्यावर त्यांच्या सासूबाईंची पाळी आली, मग थोरल्या मुलीची. विकसनशील राष्ट्राच्या शैक्षणिक उन्नतीकरिता विमानाचे भाडे खर्चून आणलेला तज्ज्ञ, दोन्ही गाल फुगलेले, बोलण्यास असमर्थ, असा भिंतीला टेकून बसला होता आणि तीन पिढ्यांच्या स्त्रिया त्याची सेवा करीत होत्या. सेवेचा करारनामा या घटनेविषयी संपूर्णपणे मूक आहे.

हे केवळ माझ्याच बाबतीत घडले असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील लिलियन कार्टर नावाच्या एक विधवा परिचारिका १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, शांतिदलात दाखल झाल्या आणि थेट आपल्या विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत, रुग्णसेवेसाठी येऊन राहिल्या. त्यांचे चिरंजीव जिमी पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. लिलियनबाईंनी त्या काळात घरी लिहिलेली पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली. या बाईंचा जन्म १५ ऑगस्टचा. म्हणजे घरापासून अर्धी पृथ्वी दूर, वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी खिडकी उघडावी, तो सगळा देश झेंडे लावून बँड वाजवीत उभा! नाताळात विक्रोळीच्या शेजारणींनी त्यांच्या हातावर काय काय ठेवले असेल याची मी केवळ कल्पनाच करतो, पण ज्याला विक्रोळीच्या शेजारणी ठाऊक आहेत त्याची कल्पना फारशी चुकणार नाही. अडुसष्ट वर्षांची बाई, एकटी, मुले सातासमुद्रापलीकडे: एवढ्या भांडवलावर आपल्या चाळीतील कोणतीही काकू अमेरिकेसारख्या महासत्तेलाही लाडू खाऊ घालील.

घरी पत्रे लिहिणे हा मात्र जोखमीचा व्यवहार आहे. शांतिदलाच्या पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर १९६१ मध्ये, नायजेरियातील इबादान येथे एका अमेरिकन तरुणीने तेथील राहणीविषयी आपले पहिले मत उघड्या कार्डावर लिहिले. ते टपालात पडण्यापूर्वीच विद्यार्थ्यांच्या हाती लागले, त्याच्या प्रती निघाल्या, निषेधाच्या सभा झाल्या आणि मुलीला मायदेशी परतावे लागले. हल्ली व्हिडिओ कॉल असल्यामुळे असा दस्तऐवज मागे राहत नाही, ही विज्ञानाची कृपा. भाऊबिजेला माझ्या बहिणीने मला दूरध्वनीवरून ओवाळले. निरांजन पडद्याजवळ येताच इकडे मला केवळ एक तेजःपुंज गोळा दिसे, त्यामुळे ज्याला ओवाळावयाचे त्याने देवाचे दर्शन घ्यावे असा उलटा प्रकार झाला. कुंकू तिने काचेवर लावले, आणि तो फोन मेव्हण्यांचा असल्याने ते दुसऱ्या दिवशी कचेरीत कपाळाचे कुंकू कानाला लावून बोलत राहिले. ओवाळणी वहीत उधार मांडली आहे, असे बहिणीने तेव्हाच सांगून ठेवले. व्याजाचा दर तिने सांगितला तो लाइन तुटल्यामुळे मला नीट ऐकू आला नाही.

याच सुमारास आईने फराळाचा डबा पाठवला. तो जकातीच्या कचेरीत अडकला, कारण चकली हा पदार्थ कोणत्या सदरात घालावा हे ठरेना. काटेरी, वर्तुळाकार, ठिसूळ, उपयोग अज्ञात. मी जाऊन अधिकाऱ्यांसमक्ष एक खाऊन दाखवली, त्यांनीही एक खाऊन पाहिली, तपास आणखी दोन-तीन चकल्या चालला आणि माल सुटला. पण तोपर्यंत दिवाळी केव्हाच संपून त्यांच्या नाताळाआधीचा उपवास सुरू झाला होता, जो २४ नोव्हेंबरच्या आसपास लागतो आणि त्रेचाळीस दिवस चालतो. डबा उघडला गेला तो मुख्याध्यापक, घरमालकीणबाई आणि शेजारचे एक वृद्ध पाद्री यांच्या समक्ष. आणि प्रत्येक जिन्नस उपवासास चालतो की नाही याचा रीतसर पंचनामा सुरू झाला. बेसनाच्या लाडवाचा वास घेताच बाईंनी तूप ओळखले, कारण त्यांच्याकडेही मसाला घालून कढवलेले तूप असतेच, लाडू बाद. शंकरपाळ्यांत दूध, बाद. करंजीविषयी मी जरा वकिली करून पाहिली, परंतु पाद्रीबुवांनी ती उजेडाकडे धरून, मोहनाचा पापुद्रा पाहून, नकारार्थी मान हलवली. चिवडा निष्कलंक ठरला. चकलीचा निकाल मोहनावर अडला: तेल की लोणी? तेव्हा दूरध्वनी लावून माझ्या वहिनींची जबानी घेण्यात आली. चार दिवस खपून केलेल्या चकल्यांवर आफ्रिकेतील धर्मपीठाने संशय घ्यावा याचा वहिनींना प्रथम राग आला, परंतु तेलच घातले असे त्यांनी शपथेवर सांगितले, आणि चकली निर्दोष सुटली. बाद माल एका पत्र्याच्या पेटीत, ७ जानेवारीपर्यंत, सीलबंद करून ठेवण्यात आला. माझेच लाडू, माझ्याच खोलीत. पण ज्याची ख्याती अखंड उपवासाची, त्याने पेटीकडे पाहावे कसे?

मध्यंतरी २५ डिसेंबर उगवला. ख्रिस्ताला इतक्या प्राचीन काळापासून भजणाऱ्या त्या देशात तो दिवस साधा कामाचा असतो, कारण त्यांचा नाताळ, ज्याला ते गेन्ना म्हणतात, तो ७ जानेवारीला. ओहायोच्या कन्येने दिवसभर क्रियापदे शिकवली आणि संध्याकाळी ती आमच्या अंगणात येऊन स्फुंदू लागली. तिच्या आईची आठवण ऐकून घरमालकीणबाई रडू लागल्या, त्यांना रडताना पाहून सासूबाई, आणि नेमके काय झाले हे न कळलेली शेजारीणही. मग अश्रू पुसून सर्वांनी मिळून त्या मुलीचा नाताळ उपवासाच्या नियमांत बसवला: अंडे नाही, दूध नाही, लोणी नाही, तरीही दाबो नावाची थोरली गोल पावरोटी भाजली गेली, मी चिवडा काढला, आणि गावात लाकूडकाम शिकवणारा एक निवृत्त स्कॉटिश सुतार, जो एरवी फळी मापण्यापलीकडे तोंड उघडीत नसे, त्याने आपल्या देशातील नववर्षाच्या रात्रीची इतकी कहाणी सांगितली की ती पुरी होण्याआधी कॉफीचे तिन्ही फेरे संपले. चिवड्यातील कढीपत्ता ओहायोने बाजूला काढला. माणसे घरापासून कितीही दूर गेली तरी काही सवयी त्यांच्याबरोबर जातात.

गेन्नाच्या दिवशी दुपारी माळावर खेळ झाला. वाकड्या काठीने लाकडी चेंडू मारण्याचा हा खेळ हॉकीसारखा असून त्याचेही नाव गेन्नाच. ख्रिस्तजन्माची वार्ता ऐकून मेंढपाळ आनंदाने काठ्या घेऊन खेळू लागले अशी कथा आहे. त्या दिवशी धन्याने नोकरावर रागवायचे नाही, अशी तिकडची म्हण. शिमग्याच्या पाच दिवसांचे उदार कायदे ठाऊक असल्यामुळे मी दूर उभा राहिलो, परंतु मुख्याध्यापक मात्र कोट काढून आत उतरले आणि वर्षभर ज्यांना त्यांनी बाकावर उभे केले होते अशा विद्यार्थ्यांनी त्यांच्या नडग्यांचा यथेच्छ हिशेब चुकता केला. संध्याकाळी ते लंगडत आमच्याकडे आले. पेटीचे सील फुटले. कांद्याच्या दाट रश्शातील कोंबडी आणि उकडलेली अंडी यांच्या शेजारी, अडीच महिने वय झालेला आईचा लाडू त्या घरात वाटला गेला, आणि पाद्रीबुवांनी दोन खाल्ले. माझ्यापुढे मात्र पुन्हा शिरोच. तुपाची धार घालून, पण शिरोच. त्रेचाळीस दिवसांनंतरही जो उपवास सोडीत नाही असा पुरुष प्रत्यक्ष पाहिल्याचे पाद्रीबुवांनी जाताना दोघांना सांगितले, आणि बाईंनी दुःखाने मला आणखी एक घास भरवला.

वर्षअखेरीस मुख्य कचेरीकडे अहवाल धाडावा लागतो. त्यात 'लाभार्थींची संख्या' असा एक रकाना असून मी तो पूर्ण सत्यनिष्ठेने भरला: शिक्षक, इतके; विद्यार्थी, इतके; आणि खाली, स्वयंसेवक, एक. काही आठवड्यांनी कागद लाल शेऱ्यासह परत आला. सेवा देणारा व सेवा घेणारा एकच असणे नियमांत बसत नाही, तरी याचा खुलासा पुढील महिन्यात न चुकता करावा, असे त्यावर लिहिले होते. त्याच सुमारास तेथील बारावा महिना संपत आला होता. म्हणून मी उलट टपाली कळवले की, खुलासा सविस्तर असल्याने तो पागुमे महिन्याच्या तीस तारखेस सादर करीन.